या हंगामातलं वटवाघूळ

शनिवार उजाडला की मास्तरांच्या कपाळावर आपोआप आठी चढायची. शनिवारी नावा बदलायच्या. आठवडाभर कालव्यावर हिंडून आलेले लोक सकाळी नावा परत करायचे, उन्हाने भाजलेले आणि एकमेकांशी अबोला धरलेले. दुपारी त्यांच्याच गाद्यांवर झोपायला दुसरे लोक गाड्या भरभरून हजर व्हायचे. या दुसऱ्यांना नाव कशी चालवायची ते समजावून सांगायचं काम मास्तरांकडे होतं, म्हणून नावा भाड्याने देणाऱ्या त्या आवारात त्यांना मास्तर म्हणत. बाकी शाळेशी त्यांचा संबंध लहानपणीच तुटला होता, आणि तोही दोन्ही बाजूंच्या संमतीने.

नावा म्हणजे लांबलचक डबे. आत शेगडी, पलंग, कपाटाएवढा संडास, आणि मागच्या टोकाला सुकाणू. कुणीही यावं, पैसे भरावे आणि घेऊन जावं. परवाना नको, परीक्षा नको, अक्कल तर नकोच. ज्या माणसाला घरातला नळ बंद करता येत नाही, त्याच्या हातात आपण ट्रकभर लोखंड देतो, ही गोष्ट मास्तरांना मुळातच मान्य नव्हती. पण त्यांची मान्यता कोण विचारतो? मालकीणबाई गिऱ्हाइकांना हसून किल्ल्या द्यायच्या, आणि मास्तर मागून दात-ओठ खात जायचे.

गिऱ्हाइकांच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या. टोपीवाले म्हणजे कप्तानाची पांढरी टोपी विकत घेऊन येणारे. फोटोवाले म्हणजे नाव धक्क्यालाच असताना सगळे फोटो काढून दमणारे. 'आम्ही आधी केलंय'वाले सगळ्यांत घातकी. हे आधी कुठेतरी तळ्यात पायडल मारून आलेले असतात आणि आता त्यांना काही सांगायचीच सोय नसते. मास्तर आपलं भाषण घडाघडा म्हणायचे, लोक डोक्यावरचे गॉगल सारखे करायचे, आणि मास्तरांना दरवेळी नव्याने कळायचं की माणूस सुट्टीवर निघाला की पहिल्यांदा कान घरी ठेवून येतो.

भाषणात मुख्य भाग लॉकचा. कालवा जिथे उतारावर येतो तिथे दोन दरवाजे घातलेला एक दगडी हौद असतो, तो लॉक. नाव आत घ्यायची, मागचा, म्हणजे वरच्या अंगाचा दरवाजा लावायचा, खालच्या दरवाजाच्या झडपा उघडून पाणी सोडायचं. पाण्याबरोबर नाव लिफ्टसारखी खाली उतरते. तोवर नाव हलू नये म्हणून पुढच्या टोकाचा दोर काठावरच्या खांबाला वळसा घालून हातात धरायचा आणि हळूहळू सैल सोडत राहायचं.

"हातात धरायचा," मास्तर म्हणायचे. "बांधायचा नाही. बांधलात तर पाणी खाली जाईल आणि नाव वर टांगलेली राहील. आणि सुकाणूवर जो असेल त्याने डोळे उघडे ठेवायचे. तिथून नावेचं पुढचं टोक सतत दिसतं, म्हणून सगळ्यांवर नजर त्याची."

तरी दर हंगामात एखादी पार्टी दोर बांधायचीच. नाव टांगली जायची, कपबश्या फुटायच्या, फोन यायचा. अशा लोकांना मास्तर वटवाघूळ म्हणत. "या हंगामातलं वटवाघूळ कोण?" हा आवारातला जुना विनोद होता. वर्कशॉपमधली माणसं त्यावर पैजा लावत. मास्तरांच्या शब्दकोशात यापेक्षा खालची शिवी नव्हती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मास्तरांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. ते स्वतः आयुष्यात एकदाही लॉकमधून गेले नव्हते. आवार कालव्याच्या सपाट भागात होतं, पहिला लॉक दोन दिवसांच्या वाटेवर. मास्तरांचं काम नावा धुणं, लावणं, बांधणं आणि भाषण करणं. ते भाषणही त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्याकडून जसंच्या तसं उचललेलं. नाव घेऊन आठ दिवस हिंडायला ते काय रिकामटेकडे होते? असं ते स्वतःला सांगत, आणि स्वतःला सांगितलेलं त्यांना नेहमीच पटायचं.

वर्कशॉपवरच्या खोलीत ते बायको गेल्यापासून एकटे राहत. यंदा मालकीणबाईंनी ठरवलं की त्या खोलीत गिऱ्हाइकांसाठी कॉफी-केकचं दुकान काढायचं. "मास्तर, या महिन्याअखेर खोली मोकळी करून द्याल ना?" त्या गोड आवाजात म्हणाल्या. मास्तरांचे गुडघे गेलेले, पगार बेताचा, आणि जायला जागा एकच. लेकीचं घर.

अडचण होती ती लेकीच्या नवऱ्याची.

जावई पडदे शिवायचा. म्हणजे दुकान होतं त्याचं, लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे लावून द्यायचे. खिशात कायम मापाची टेप. मऊ बोलणं, इस्त्रीचा शर्ट, आणि कुणी काही म्हटलं की आधी "बरोबर आहे तुमचं". मास्तरांना हा माणूस लग्नाच्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. ते त्याला तोंडावर "जावईबापू" म्हणत, पण असं म्हणत की त्यापेक्षा शिवी परवडली. जेवायला बसले की विचारत, "काय जावईबापू, आज किती खिडक्या झाकल्या?" तो हसायचा. मास्तरांना वाटायचं, याला कळतच नाही. लेकीला मात्र कळायचं. दोन वर्षांपूर्वी ती जेवणावरून उठून गेली होती, आणि त्यानंतर मास्तरांना तिच्या घरी बोलावणं आलं नव्हतं.

खोलीचं कळलं तेव्हा ती आवारात आली, आणि कोपऱ्यात नेऊन सरळ बोलली.

"बाबा, तुम्ही आमच्याकडे राहायला या. मागची खोली रिकामीच आहे. पण एक सांगते. माझ्या घरात माझ्या नवऱ्याला रोज टोचून बोललेलं मी ऐकून घेणार नाही."

"मी कधी टोचून बोललो?"

लेकीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाली, "त्यानेच सुचवलंय. महिना संपायच्या आधी आपण तिघं एक आठवडा तुमच्याच इथली नाव घेऊन जाऊ. एका छपराखाली राहून बघू. जमलं तर तुमची ट्रंक घेऊन थेट घरी. नाही जमलं तर मी तुम्हाला दुसरीकडे खोली शोधून देईन, भाडं देईन, दर रविवारी भेटायला येईन. पण घरात नाही."

म्हणजे परीक्षा. तीही या वयात, आणि पडदेवाल्याच्या पैशांनी. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण गुडघे दुखत होते, आणि कॉफीच्या दुकानाच्या खुर्च्या आधीच येऊन जिन्याखाली पडल्या होत्या. "बघू," ते म्हणाले. मास्तरांच्या भाषेत ते हो होतं.

शनिवारी त्यांनी आपल्याच लेक-जावयाला भाषण केलं. नियम म्हणजे नियम. लेकीने लहानपणापासून ऐकलेलं, ती सामान लावत राहिली. जावई मात्र हाताची घडी घालून समोर उभा राहिला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला. वर म्हणाला, "बाबा, ते लॉकचं पुन्हा एकदा सांगाल?"

एकदा सांगून कळत नाही, मास्तरांनी मनात नोंद केली, आणि पुन्हा सांगितलं.

"आणि टांगलीच, तर आधी काय करायचं?"

"टांगायची नाही."

"हो, ते बरोबर आहे तुमचं. पण टांगलीच तर?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांना म्हाताऱ्याचे शब्द आठवायला जरा वेळ लागला. "खालच्या झडपा बंद. मग वरच्या दरवाजाच्या उघडायच्या. पाणी भरलं की नाव आपली वर येते. दोराला हात लावायचा नाही, बोटं जातील." जावयाने मान हलवली, आणि खिशातून टेप काढून नावेची खिडकी मोजली. सवयीने. मास्तरांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

पहिले दोन दिवस मास्तर गप्प राहिले. म्हणजे तोंडाने. आतून त्यांची अगदी चंगळ चालली होती. जावई समोरून येणाऱ्या प्रत्येक नावेला हात करत होता, ओळख ना पाळख. बदकांना ब्रेड घालताना तुकडे एकसारखे करत होता. सकाळी पलंगाची चादर अशी ताणून घालत होता की त्यावर बसायची चोरी. रोज मास्तरांना आधी चहा आणून देत होता, बशीवर बिस्किटं मांडून. ही काय माणसाची जात, मास्तर मनात म्हणायचे, आणि चहा प्यायचे. प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे एक वाक्य तयार असायचं, ते जिभेपर्यंत यायचं, आणि लेकीकडे बघून ते गिळायचे. गिळलेल्या वाक्यांवरच त्यांचं पोट भरत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पहिला लॉक आला.

मास्तरांनी लॉक पाहिला आणि तो त्यांच्या कल्पनेपेक्षा फार खोल निघाला. दगडी भिंतींवर शेवाळ, खाली काळं पाणी, दरवाजे घराएवढे. पण हे कुणाला सांगणार? ते पुढच्या टोकावर जाऊन ऐटीत उभे राहिले, दोर त्यांनी घेतला. लेक मागे सुकाणूवर. जावई झडपांचं हँडल घेऊन काठावर उतरला. त्याने खांबाला वळसा घालून दोराचं टोक मास्तरांच्या हातात परत दिलं, मागचा दरवाजा लावला, आणि काठाने चालत खालच्या दरवाजाकडे गेला.

तिथे त्याने काय करावं? खिशातून रुमाल काढला आणि आधी झडपेचा दांडा पुसला.

मास्तरांना अगदी आनंद झाला. इस्त्रीच्या शर्टावर नारिंगी लाइफ जॅकेट, आणि वाकून दांडा पुसतोय. अरे, झडप आहे ती, पाहुण्यांपुढची बशी नाही. यावर एक फार उत्तम वाक्य त्यांच्या मनात जुळायला लागलं. कधीतरी, घरात पक्कं बस्तान बसल्यावर, जेवताना सहज सोडून द्यायचं. ते वाक्य घासूनपुसून लखलखीत करण्यात मास्तर इतके रंगून गेले की हातांकडे त्यांचं लक्षच राहिलं नाही.

आणि हातांना इतकी वर्षं एकच काम ठाऊक होतं. दोर हातात आला की बांधायचा. आवारात सुटी राहिलेली नाव म्हणजे वाहून गेलेली नाव. हातांनी दोर पायाजवळच्या, नावेच्याच लोखंडी खुंट्याला दोनदा गुंडाळला, शेपूट आत खोचलं, वरून दाबलं. मास्तरांची खास गाठ, जी आवारात दुसऱ्या कुणाला जमत नसे.

पाणी उतरायला लागलं. मागचं टोक खाली गेलं, पुढचं गेलं नाही.

आधी मास्तरांना वाटलं, आपल्यालाच चक्कर येतेय. मग आत शेगडीवरची किटली घसरली, तिच्यामागून ताटं, मग कपाट उघडून सगळा संसार धडाधड मागे कोसळला. दोर ताणला जाऊन काठीसारखा झाला आणि करकरायला लागला. मास्तर गुडघ्यांवर पडले आणि गाठ सोडायला लागले. गाठ कसली सुटते? त्यांचीच होती. नाव आणखी कलली. मागून लेक ओरडली, "बाबा!" ती मागे खाली होती, पाण्याजवळ. नाव उलटली तर आधी ती जाणार होती.

"बाबा, दोराला हात लावू नका."

जावई ओरडला नाही, नुसतं मोठ्याने म्हणाला. तो दोराकडे धावला नव्हता. दुसरं कुणी असतं तर तेच केलं असतं. हा जागचा हलला नाही, हँडल उलटं फिरवून त्याने आधी खालच्या झडपा बंद केल्या. मग काठाने पळत वरच्या दरवाजाशी आला, तिथल्या झडपा उघडल्या, पाणी आत घेतलं. हळूहळू, इंचाइंचाने, नाव सरळ झाली. दोर ढिला पडला.

मग जावई टोकावर उतरला. त्याने गाठीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, खाली बसला आणि गाठ सोडायला लागला. वेळ लागला, कारण गाठ चांगली होती. खुंटा एका बाजूला पार वाकला होता.

"कुणी बांधला दोर?" लेकीने मागून विचारलं.

"माझ्याकडूनच," जावई म्हणाला. मान वर न करता. "उतरण्याआधी अडकवून गेलो बहुतेक. लक्षात नाही राहिलं."

मास्तरांनी तोंड उघडलं. आणि मिटलं.

खरं सांगायचं तर एक क्षण त्यांना बरंच वाटलं. झालं गेलं पार पडलं, आणि पडदेवाल्याच्या नावावर पडलं. पण मग लेक बोलायला लागली.

"अक्कल कुठे असते रे तुझी? सांगितलं होतं ना, बांधायचा नाही म्हणून? पुन्हा विचारून घेतलंस ना? देवाने हात दिलेत ते काय फक्त पडदे सरकवायला? खिडक्या मोजायला सांगा, दुसरं काही जमायचं नाही. वटवाघूळ कुठला."

मास्तर ऐकत राहिले. शब्द त्यांचेच होते. नुसते शब्द नाहीत, ते मधेच थांबणं, तो शेवटच्या शब्दावरचा दाब, सगळं त्यांचं. इतकी वर्षं हे त्यांच्या तोंडून जायचं तेव्हा किती चटकदार वाटायचं. बाहेरून ऐकायला ते घाणेरडं होतं. आणि समोर तो माणूस गुडघ्यांवर बसून, हूं की चूं न करता, त्यांची गाठ सोडत होता. आता बोलावं, मास्तरांना वाटलं. आता. पण सगळ्या जन्माची ऐट आडवी आली, आणि जावयाने दोर गुंडाळून ठेवला, आणि वेळ गेली.

उरलेला आठवडा अगदी शांततेत पार पडला. मास्तर एक वाकडा शब्द बोलले नाहीत. परीक्षा म्हणाल तर पैकीच्या पैकी गुण. लेक नीट वागत होती, हवं-नको विचारत होती, आणि त्यांच्याकडे बघत मात्र नव्हती. जावई पूर्वीसारखाच बदकांना तुकडे घालत होता, प्रत्येक नावेला हात करत होता, सकाळी चहा आणत होता. मास्तरांच्या मनात सवयीने काहीतरी यायचं, पण पूर्वीची चव गेली होती.

शनिवारी नाव आवारात लागली. धक्क्यावर नवी गिऱ्हाइकं तिष्ठत उभी होती. सगळ्यांत पुढे एक टोपीवाला, पांढरी टोपी, सोनेरी नांगर लावलेली. मालकीणबाई नाव तपासायला चढल्या आणि पुढच्या टोकाशी थांबल्या.

"अगं बाई, खुंटा वाकवलात की. मास्तर नावेवर असताना?" त्या जावयाकडे बघून हसल्या. "म्हणजे या हंगामातलं वटवाघूळ आपल्या घरातलंच निघालं म्हणायचं."

वर्कशॉपच्या दारात दोघं-तिघं येऊन उभे राहिले. जावयाने हसून मान खाली घातली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"मी," मास्तर म्हणाले.

मालकीणबाईंना वाटलं थट्टा आहे. त्या आणखी हसल्या.

"हसू नका. बांधला मी. गाठ माझी होती. यांनी झडपा बंद केल्या म्हणून आम्ही तिघं उभे आहोत." आता थांबणं बोलण्याहून अवघड होतं. "आणि लॉकमध्ये मी जन्मात पहिल्यांदा गेलो. आजवर कधी गेलोच नव्हतो."

टोपीवाल्याने आपल्या बायकोकडे पाहिलं आणि हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत, म्हणाला, "आपल्याला शिकवणार आहेत ते हेच का?"

"हो," मास्तर म्हणाले. "हेच."

टोपीवाल्याच्या त्या नजरेची त्यांना चांगली ओळख होती. इतकी वर्षं ती त्यांच्याच डोळ्यांत होती.

त्यांनी टोपीवाल्याला भाषण केलं, सगळं, एक शब्द न गाळता. तो गॉगल सारखा करत राहिला. मग मास्तर धक्क्यावर आले तेव्हा लेक तिथे उभी होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी सुकाणूवर होते, बाबा. तिथून पुढचं टोक सतत दिसतं. तुम्हीच सांगता ना?"

मास्तरांना हे सुचलंच नव्हतं. इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य, आणि त्याचा अर्थ काय ते त्यांना आज कळत होतं.

"मग त्याला का बोललीस तेवढं?"

"तुम्हाला ऐकू यावं म्हणून." तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र कडक होता. "मला वाटलं होतं, तिथल्या तिथे बोलाल. संध्याकाळी त्याची माफी मागितली मी. तो म्हणाला, बाबांना वेळ दे, घरी पोचेपर्यंत बोलतील. मी म्हटलं, नाही बोलायचे."

"मग आता?"

लेक वळून जिन्याकडे बघत होती. वरच्या खोलीतून जावई मास्तरांची ट्रंक खाली आणत होता. ट्रंक त्याने उलट्या बाजूने धरली होती, कडी भिंतीकडे. तिचा कोपरा प्रत्येक पायरीवर आपटत होता, आणि मधेच थांबून तो हात रुमालाने पुसत होता.

मास्तरांच्या जिभेवर वाक्य आलं. चांगलं होतं. त्यांनी ते गिळलं, गुडघ्यावर हात ठेवून चार पायऱ्या चढले आणि ट्रंकेची दुसरी बाजू धरली.